तोयामांनी पाणी उतरवलं

ऐक, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस, नाहीतर माझं डोकं परत फिरेल.

ओरिकासा-सान माहितीयेत ना तुला? माझ्याबरोबर फायरच्या तपासणीला येतात ते, साठी उलटलेले, मार्चमध्ये रिटायर होणारे. मोनबेत्सुच्या बंदरावर शिंपल्यांचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथले आग विझवायचे पाइप अठरा वर्षं तेच तपासतात. आत उणे पंचवीस, बाहेर माल चढवायचा धक्का, तोही गोठलेला. तिथं पाइपात पाणी ठेवलं तर बर्फ होऊन पाइपच फुटायचा. म्हणून पाइपात नुसती दाबून भरलेली हवा. पाणी मागच्या गरम खोलीत, वॉल्व्हपाशी थांबलेलं. आग लागली की छतातल्या फवाऱ्याचं तोंड उष्णतेनं फुटतं, हवा निघून जाते, वॉल्व्ह उघडतो आणि पाणी धावत येतं. नोव्हेंबरात आम्ही चाचणी घेतली तेव्हा अडतीस सेकंदांत आलं होतं. घड्याळ माझ्याच हातात होतं.

आता नवीन वर्षाची सुट्टी संपून पहिला दिवस. सकाळी दहाला धक्क्यावर फोर्कलिफ्टच्या चार्जरनं पेट घेतला. वरचं तोंड फुटलं, हवा सुस्स करून निघाली, सगळ्यांनी ऐकली. आणि मग काहीच नाही. एक थेंब नाही गं! पॅकिंगच्या हामाया-सान ताडपत्री घेऊन धावल्या, आग विझवली त्यांनी, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मागच्या खोलीत बघतो तर मेन वॉल्व्ह घट्ट बंद, आणि चाकाला सुबक अक्षरातली चिठ्ठी बांधलेली: 'पाणी उतरवलं. २८ डिसेंबर. तोयामा.'

तोयामा म्हणजे तिथले मॅनेजर. कळलं ना काय केलं? आपण सुट्टीला घर बंद करताना थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून नळ बंद करून ते रिकामे करतो, माझी आई तर गाडीत बसल्यावरही विचारते, पाणी उतरवलंस ना, तेच यांनी अख्ख्या गोदामाचं केलं. संडासाचं, स्वयंपाकघराचं, आणि हेही. वर आम्हालाच विचारतात, पाइप कोरडाच असतो ना, मग मागे पाणी कशाला चालू ठेवायचं? पॅनेलवर लाल दिवा नऊ दिवस लुकलुकत होता. त्यांना वाटलं, पाणी उतरवलंय म्हटल्यावर लुकलुकणारच.

बरं, माणूस चुकतो. पण खरा संताप पुढेच आहे. मीटिंगमध्ये मालक, अग्निशमनचे साहेब, आम्ही दोघं, आणि हामाया-सान, हातांना ही एवढाली बँडेजं. तोयामा शांतपणे म्हणतात, तपासणीवाल्यांनी आम्हाला हे कधी सांगितलंच नाही.

आणि ओरिकासा-सान काय करतात? उठतात, कमरेत वाकतात, म्हणतात, "माझंच समजावणं कमी पडलं."

साहेबांनी लगेच लिहून घेतलं ते. अगं, त्या एका ओळीनं अठरा वर्षं पाण्यात, कदाचित लायसन्सही. मी त्यांची बाही ओढली. ते हळूच म्हणाले, "गप बस पोरी. तोयामाला इथंच नोकरी करायचीय, मी तर चाललोच आहे."

मला नाही बसवलं गप. मी उभी राहिले.

"नोव्हेंबरात सांगितलं होतं. त्याच वॉल्व्हपाशी उभं राहून, हा कधीच बंद करायचा नाही म्हणून. मी होते तिथं. तोयामा-सान संत्रं सोलत हो हो म्हणत होते."

तोयामांचे कान लाल झाले. मान खाली घालून म्हणाले, हो, सांगितलं होतं. साहेबांनी ती ओळ खोडली. मला वाटलं, सुटलो.

दोन तासांनी आम्ही कितामीला आमच्या ऑफिसवर पोचलो. ओरिकासा-सान दारात उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "इबुकी, माफी मी मागितली होती. ती परत घ्यायची की नाही, ते मी ठरवायचं होतं."

आज तिसरा दिवस, माझ्याशी कामापुरतंच बोलतात. वर ऑफिसात सगळे मलाच म्हणतायत, म्हाताऱ्या माणसाची लाज काढलीस. लाज! आणि हामाया-सानचे हात? ती बँडेजं समोर ठेवून मी त्या खोट्याला मान डोलवायची होती?

तू असतीस तिथं, तर तू काय केलं असतंस?