फळ्यावरची पाच मिनिटं

आमच्या कारखान्यात विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त होत. बॅटरी म्हणजे खाटेएवढी पेटी, चारशे व्होल्टची. ती उघडण्याआधी नारिंगी खटका उपसून आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी तो परत बसवणार नाही. मग थांबायचं, कारण खटका काढला तरी आतल्या काही भागांत वीज थोडा वेळ उरते. किती थांबायचं ते भिंतीवरच्या फळ्यावर मी लिहीत असे. माझं काम कागदांचं. पुस्तिका वाचायच्या आणि त्यांतले नियम फळ्यावर उतरवायचे.

मेहुणा तिथला मुख्य मेकॅनिक. ही नोकरी मला त्यानंच लावून दिली होती. चारचौघांत मला तो ‘पोथीवाले भावोजी’ म्हणायचा. एकदा मी एका स्वल्पविरामाबद्दल शंका काढली होती, ती त्यानं वर्षभर पुरवून खाल्ली.

नव्या पेट्यांची पुस्तिका आली. तिच्यात एका पानावर पाच मिनिटं थांबा असं होतं आणि शेवटच्या तक्त्यात दहा. मला वाटलं, छपाईची चूक असेल. मग वाटलं, माझ्याच समजण्यात चूक असेल. विचारायला म्हणून दोनदा मेहुण्याच्या टेबलापाशी गेलो. दोन्ही वेळा तिथं चारजण हसत उभे होते. मी परत फिरलो आणि फळ्यावरचे पाच तसेच राहू दिले.

मीटर लावून बघायचा नियम होताच. पण जुन्या पेट्यांत पाच मिनिटांनी मीटर नेहमी शून्यच दाखवायचा, म्हणून ते बघणं हळूहळू सगळ्यांचंच सुटलं होतं. पहिली नवी पेटी उघडताना मेहुण्याला एक बारीक स्क्रू रबरी हातमोज्यातून धरता येईना. त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला.

तो वाचला. दोन बोटं गेली, तिसऱ्यात जीव नाही.

त्याच संध्याकाळी मी पाच पुसून दहा केले. चौकशीत साहेबांनी विचारलं, फळ्यावर नियम लिहिलेले होते का. होते, मी म्हणालो. मीटर न बघितल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याची नोकरी गेली.

याला सात वर्षं झाली. परवा तो घरी आला होता. हिनं दिलेला चहा त्यानं डाव्या हातानं घेतला. ही आत गेल्यावर म्हणाला, “नोकरी गेल्यावर सामान न्यायला कारखान्यात आलो होतो, तेव्हा फळ्यावर दहा होते. अक्षर तुमचंच.”

इतकी वर्षं तो का बोलला नाही, हे विचारायची गरज नव्हती. आतून त्याच्या बहिणीचा आवाज येत होता. पुस्तिकेत दोन आकडे होते, मला खात्री नव्हती, असं मी कसंबसं सांगितलं.

“मग विचारायचं.”

“तू हसला असतास.”

“हसलो असतोच. तुम्हाला सोडतो की काय?” त्यानं कप खाली ठेवला. “पण पाच मिनिटं जास्त थांबलो असतो, भावोजी.”

तेवढ्यात ही बाहेर आली. काय चाललंय, तिनं विचारलं.

“ताई, बस जरा. भावोजींना तुला काहीतरी सांगायचंय,” तो म्हणाला.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो थांबला होता. मग मी सांगायला लागलो.