कुंडलची बुरशी

"मॅडम, चित्र तर आलं, पण नावं भलतीकडंच बसल्यात," पूजा रहिमतपूरहून फोनवर सांगत होती. "कुजलेल्या हळदीतली बुरशी मित्रबुरशीच्या फांदीवर गेलीय. माझंच काय चुकलं का?"

ज्ञानदाने सांगलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लॅपटॉप उघडला. बुरशींचा वंशवृक्ष काढून त्याच्या फांद्यांवर नावं आणि रंग कसे चढवायचे, याचं पायथनमधलं उदाहरण तिनेच मराठीत समजावून इंटरनेटवर ठेवलं होतं. पूजासारखी आसपासच्या कॉलेजांतली मुलं तेच वापरत.

पायथनच्या ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, ते चालायचं, तिची नवी आवृत्ती घेऊन तिने उदाहरण चालवलं. चूक दाखवणारं लाल अक्षर कुठेही उमटलं नाही. चित्र देखणं आलं आणि चुकीचं आलं. तिचं उदाहरण नावं क्रमाने चिकटवत होतं, आणि नव्या आवृत्तीने फांद्यांचा क्रमच बदलला होता.

"तुझं काही चुकलेलं नाही. थांब, दुरुस्त करते," असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि तिला ऋषिराज आठवला.

ऋषिराज तिचा जुना विद्यार्थी, आता कुंडलला वडिलांबरोबर, आण्णांबरोबर, हळद करणारा. स्वतःच्या रानातल्या मातीतून त्याने एक बुरशी वेगळी केली होती. तिच्या डीएनएची तपासणी करून आणून, याच उदाहरणावरून वंशवृक्ष काढून, 'पिकाला रोगापासून राखणारी मित्रबुरशी निघाली' म्हणून मोठ्या आनंदाने कळवलं होतं.

"ऋषिराज, ती बुरशी वापरलीस का?" तिने फोन लावून विचारलं.

"न्हाई अजून. डबं भरून तयार हायत. सकाळी बेण्याच्या कंदांना चोळायची, मग रानात लागण. का वं मॅडम?"

"मी सांगेपर्यंत लावू नकोस. चित्र चुकलं असेल, तर ती कंद कुजवणारीही असू शकते."

तो म्हणाला, "आण्णांनी सगळं बेणं माझ्या भरवशावर ठेवलंय."

"मूळ फाइल पाठव. लगेच."

क्रमावर विसंबणाऱ्या ओळी तिने काढून टाकल्या. आता प्रत्येक फांदीला आधी तिचं नाव विचारायचं आणि त्या नावासमोरचाच रंग तिला द्यायचा. पूजाचा वृक्ष काढून पाहिला. कुजवणारी बुरशी आपल्या जागी गेली. मग तिने ऋषिराजची फाइल लावली. त्याची 'कुंडल' नावाची बुरशी हिरव्या रंगात, मित्रबुरशींच्या फांदीवर. तिने पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"मित्रच आहे रे ती. तुझ्याकडे जुनी आवृत्ती होती, म्हणून चित्र बरोबर आलं."

"लॅपटॉपच जुना हाय मॅडम, नवं कायबी घेत न्हाई," तो हसला. मग फोन बाजूला धरून त्याने हाक दिलेली तिला ऐकू आली, "आण्णा, उद्या लागण करायची हाय!"

ज्ञानदाने जेवणाचा डबा उघडला. पोळ्या वातड झाल्या होत्या. तिने सगळ्या खाल्ल्या.

मग तिने नवं उदाहरण चढवलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'याआधीच्या उदाहरणावरून काढलेली चित्रं पुन्हा तपासा. अडलं तर फोन करा.' खाली विभागाचा नंबर द्यावा असं आधी वाटलं. पण तिच्यासारख्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंना विभागातून निरोप कोण देणार? तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यापुढे स्वतःचा मोबाइल नंबर.