चार पानांत कळणारी भाषा

"आधी आवडती कादंबरी सांग, मग खुर्चीवर बस."

पायसांदू शहरातल्या आमच्या डायलिसिस केंद्रात प्रोग्रामरच्या जागेसाठी जो कोणी येई, त्याला वाल्देमार सोसा हा हुकूम सोडायचा. मी समोरच्या टेबलावर रुग्णांची नोंदणी करत असे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

कोणी खुनाची रहस्यकथा सांगितली, की वाल्देमार नाकातून हसायचा. "म्हणजे उत्तर मिळालं की तुझं काम संपतं. जा बाबा." कोणी प्रेमकथा सांगितली, तर तेवढंही बोलायचा नाही. स्वतः तो दर हिवाळ्यात एकच कादंबरी पुन्हा वाची. तिच्यात एक न्यायाधीश आपलं राहतं घर वीट वीट उतरवतो, बस्स. "प्रोग्रामची भाषाही अशीच निवडावी," तो म्हणे. "चार पानांत कळली, ती फेकून द्यावी."

आणि खरंच, कुठल्या रुग्णाला कुठल्या वेळी कुठली खुर्ची, हे ठरवणारा केंद्राचा सगळा कारभार त्याने अशा भाषेत लिहिला होता, की ती येणारा दुसरा माणूस अख्ख्या देशात शोधून सापडला नसता. याचा त्याला अभिमान होता. देवाने जिभा दिल्या त्या एकमेकांना कळावं म्हणून, आणि हा गृहस्थ कोणाला कळलं नाही म्हणून खूश! रोजच्या जपात मी त्याचं नाव घेत असे, पण खरं सांगते, मणी ओढताना ओठ वाकडाच व्हायचा.

मग त्याच्या डोळ्यांचा पडदा सुटू लागला. त्याने कोणाला सांगितलं नाही. पण तो संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसू लागला, तेव्हा संचालकबाईंनी त्याला न विचारताच अनाई नावाच्या तरुण प्रोग्रामरला नेमलं.

"कादंबरी?" त्याने विचारलं.

"वाचत नाही, मास्तर. फुटबॉलचं समालोचन ऐकते."

"आणि भाषा कशी निवडतेस? नाणं उडवून?"

"उद्या मी मेले, तर माझ्या जागी येणाऱ्याने शिव्या देऊ नयेत, एवढंच बघते."

"बसस्टँडवरच्या मासिकांची भाषा!" तो माझ्याकडे बघून म्हणाला. मला दाद द्यायची नव्हती. मी फॉर्म सरळ करत राहिले.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आला. आमचं सरकार त्याला पर्यटन सप्ताह म्हणतं. म्हणो बिचारं. त्या आठवड्यात गावोगावच्या बसच्या वेळा बदलतात. आमच्या खुर्च्या बस पोचण्याच्या वेळेवर ठरतात, त्यामुळे वाल्देमार दर वर्षी प्रोग्राममधली एक ओळ बदलायचा. यंदाही बदलली. दिसत नसताना, आठवणीवर. शेजारी चांगल्या डोळ्यांची मुलगी बसलेली असताना तिला विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी तांबोरेस गावच्या एर्मेलिंदाबाई आल्या, तर त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कोणी. रक्त शुद्ध करून घ्यायला पहाटे घरून निघालेली ती बाई दुपारपर्यंत बाकावर बसली. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते. मी पट्टे सोडले.

आत अनाई पडद्यासमोर रडकुंडीला आली होती. "मास्तर, ही ओळ वाचून दाखवा ना. मला दिसतेय, पण कळत नाहीये."

वाल्देमार वाकला. भिंग घेतलं. मान तिरपी केली. "मला कळते गं," तो अगदी हळू म्हणाला, "पण दिसत नाहीये."

अनाईने एकेक चिन्ह आकार सांगून वर्णन केलं. "कंस. मग उलटा बाण. मग माशीसारखं काहीतरी." तो मधेच चिडे, "माशी नव्हे!" शेवटी त्या दिवसापुरती खुर्ची हातानेच मोकळी करावी लागली. एर्मेलिंदाबाई आत गेल्या, तेव्हा परतीची बस सुटून गेली होती.

उपचार संपल्यावर त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना प्रोग्राम वगैरे ठाऊक नव्हतं. "बाळा, शनिवारी परत येईन. तेव्हा खुर्ची असेल ना माझी? नाहीतर मुलगा म्हणतो, नकोच जाऊस."

वाल्देमारने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "असेल, बाई. शब्द देतो."

त्या गेल्यावर अनाई म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. मी सकाळी येते. खुर्च्यांचा भाग तुम्ही सांगा, मी लिहिते. पण माझ्या भाषेत."

वाल्देमार जायला उठला. कोट घालताना बाही सापडेना. मी धरून दिली, तर आभारही मानले नाहीत. जाऊ दे मेला, मी मनात म्हटलं आणि लगेच क्रूसाची खूण केली.

शुक्रवारी माझा कडकडीत उपास. सकाळी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेसाठी मी चर्चकडे निघाले होते. दुकानं बंद, रस्ता मोकळा. पलीकडून वाल्देमार येत होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. एक हात भिंतीला लावून तो केंद्राच्या दिशेने चालला होता. कोपऱ्यावर भिंत संपली. तो थांबला. गाडीचा आवाज येतो का, ते मान खाली घालून ऐकलं. मग हात पुढे करून त्याने मोकळ्या रस्त्यात पाऊल टाकलं.