बारकीची मुकादमी

जुने मुकादम थकले आणि मुलाकडे राहायला गेले, तेव्हा मालकांनी बारकीला ऑफिसात बोलावून घेतलं. निरोप आला तेव्हा ती शिडीवर उभी राहून मांडणीच्या सगळ्यात वरच्या वाफ्यावर तोडणी करत होती आणि खालच्या वाफ्यावर माई होती. आपलं काय चुकलं असेल, असं बारकीने खाली वाकून विचारलं. माई खालूनच म्हणाली की जा, खात नाहीत ते, आणि आलीस की आधी मला सांग.

फार्म मशरूमचं होतं. लांबट, बिनखिडक्यांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडणीत एकावर एक वाफे, वाफ्यांत काळी ओली माती आणि तिच्यातून वर आलेली पांढरी डोकी. बाया कपाळाला दिवा बांधून तोडणी करायच्या. दोन बोटांत धरायचं, हलकेच पिरगळायचं, सुरीने देठ कापायचा आणि क्रेटमध्ये ठेवायचं. वेळेत तोडलं नाही तर त्याची छत्री उघडते आणि मग बाजारात त्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे इथे एकीने घेतलेली सुट्टी म्हणजे दुसरीने केलेलं दुप्पट काम.

बारकी हे नाव अंगकाठीवरून पडलेलं. तिची मुलगी परगावी हॉस्टेलवर राहून शिकत होती, नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून कधीतरी घरी उगवायचा. एवढा संसार झाला तरी बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं नव्हतं. ती कामावर आली त्या पहिल्याच दिवशी माईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, बरं झालं, ही बारकी वर चढेल, माझे गुडघे खाली राहतील. तेव्हापासून त्यांची जोडी. काम माईनेच शिकवलं. अंधारात दोघी बोलत राहायच्या, एक वरून, एक खालून, तोंड न बघता. नवऱ्याला सांगितलं नाही ते बारकीने त्या मांडणीला सांगितलं होतं.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. तुला काम येतं, तू सगळ्यांना ओळखतेस, आणि तुझ्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नाही. तक्रार कशी करतील, बारकीच्या मनात आलं, मी आजवर कुणाला काही सांगितलंच कुठे? पण ती हो म्हणाली.

बायांनी तिची भरपूर थट्टा केली. कुणी तिला रिकाम्या क्रेटवर बसवलं, कुणी खुर्ची आण म्हणालं, कुणी आता आम्हाला पेन्शनीत काढ म्हणालं. सगळ्यांत जास्त हसली माई. दुपारी नेहमीसारख्या सगळ्या पॅकिंगच्या खोलीमागे क्रेट उलटे टाकून डबे खायला बसल्या आणि बारकीही बसली. पहिले काही दिवस तसंच चाललं. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ती येण्याआधी लांबूनच हसण्याचा आवाज यायचा, आणि ती येऊन बसली की बोलणं पोरांच्या शाळेवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर यायचं. त्यांना काही लपवायचं होतं असंही नाही. मालकांची नक्कल करायची तर मालकांच्या माणसासमोर कशी करणार? एक दिवस एका नव्या बाईने तिला मॅडम म्हटलं. कुणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात जुन्या बायाही मॅडम म्हणू लागल्या, आणि त्यानंतर बारकी पॅकिंगच्या टेबलाशी एकटीच डबा उघडू लागली. कागद बघायचे असतात, असं तिने सांगितलं. कुणी फार आग्रह केला नाही.

काम तिला जमत होतं. नव्या बाया घ्यायच्या तेव्हा ती त्यांना फाटकाजवळच्या बाकावर बसवायची. कुठलंही काम करते, असं प्रत्येकीचं म्हणणं असायचंच. म्हणून ती त्यांना आधी खोलीत नेऊन दार लावून घ्यायची आणि थोडा वेळ गप्प उभी राहायची. जिचा जीव तेवढ्यात कासावीस व्हायचा तिला ती बाहेरचं काम द्यायची, माती कालवायचं नाहीतर क्रेट धुण्याचं. हे तिचं तिलाच सुचलं होतं. मालक खूश होते.

मालकांनी सुचवलेलं मात्र अंगाशी आलं. ते कुठेतरी ऐकून आले होते की कामगारांना चुरस हवी. सगळ्यांत जास्त क्रेट भरेल तिचं नाव फळ्यावर लिहायचं आणि तिला एक जादा सुट्टी द्यायची. नाव लागलं आगगाडीचं. तिच्या हाताला वेग होता आणि तोंडालाही, म्हणून ती आगगाडी. झालं, बाकीच्यांनी कोवळं, कच्चं, जे हाताला लागेल ते ओरबाडायला सुरुवात केली, वाफे उकरल्यासारखे दिसू लागले, आणि आगगाडीला रिकामा क्रेट हातात द्यायला कुणी तयार होईना. शेवटी तीच बारकीकडे आली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि आगगाडीच्या बाबतीत हे नवल होतं. ते नाव पुसा म्हणाली, माझ्याशी कुणी बोलत नाही. बारकीने त्याच वेळी फडकं घेऊन फळा पुसला आणि मालकांना जाऊन सांगितलं. आगगाडीशी दोन दिवसांत सगळ्या बोलायला लागल्या. ते ऐकून बारकीला बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

मग माईचं सुरू झालं.

बाजारातून परत आलेल्या मालात उघड्या छत्र्या दिसायला लागल्या, आणि त्यांच्याच शेजारी बोराएवढी कोवळी डोकी. ते क्रेट कुणाचे हे बारकीला त्यांच्यावरची नावाची चिठ्ठी न बघताच कळलं. देठ माईच्या पद्धतीने कापलेले होते, तिरपे. कापणं चोख होतं, निवडणं चुकत होतं. बारकी कारण काढून खोलीत गेली. माई वाफ्यावर नाक टेकेल इतकी वाकली होती आणि तोडण्याआधी बोटांनी चाचपून बघत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखा धुरकटपणा त्या दिव्यातही दिसला. बारकी आली तशीच मागे फिरली.

बोलायचं कसं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यापेक्षा तिने सोपा रस्ता काढला. संध्याकाळी बाया गेल्या की ती माईचे क्रेट बाजूला घ्यायची आणि निवडून पुन्हा भरायची. घरी लवकर जाऊन तरी काय करायचं होतं, घर खायला उठायचं. टेबलाशी बसून माईच्या हातची डोकी एकेक करून निवडताना तिला जुन्या दिवसांत गेल्यासारखं वाटायचं, फक्त वरून खालून कुणी बोलत नव्हतं.

फार दिवस ते लपलं नाही. नव्या बायांमधली एकजण, जिचे क्रेट बारकीने दोनदा परत केले होते, सगळ्यांसमोर म्हणाली की इथे काहींचं चालतं, आमचंच चालत नाही. माई तिथेच होती. बारकीला काहीतरी करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी तिने सगळ्यांची कामं सांगितली, त्यातच सांगून टाकलं की माई आजपासून पॅकिंगला. पॅकिंगच्या खोलीत चांगला उजेड होता, बसून काम होतं, शिडी नाही, ओल नाही. आपण किती चांगली सोय केली, असंच तिला वाटलं. माईने कपाळावरचा दिवा सोडला, त्याचा पट्टा नीट गुंडाळून खुंटीला लावला आणि पॅकिंगला गेली. आठवडाभर आली. मग यायची थांबली.

बारकीने फोन केला, उचलला नाही. निरोप पाठवला, उत्तर नाही. शेवटी एका दुपारी पाण्याचं काम आगगाडीवर सोपवून ती माईच्या घरी गेली.

माई दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहायची. दार उघडंच होतं. ती भिंतीला टेकून शेजारच्या पोराच्या शर्टाचं बटण लावत बसली होती. सुई ओवलेली होती, कुणाकडून ओवून घेतली असणार. पावलांवरून तिने ओळखलं.

"या," ती म्हणाली. "बसा."

बारकी दारातच थबकली. इतक्या वर्षांत माईने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. या घरात ती सरळ आत जाऊन माठातलं पाणी घेऊन प्यायची. आज माईने उठून खुर्ची पुसली, पाण्याचा पेला आणून दिला आणि समोर उभी राहिली. बारकी खुर्चीच्या कडेवर बसली. कामावर का येत नाहीस, बरं नाही का, असं काहीबाही विचारत राहिली. माई बरंय म्हणाली. मग बारकीने एका दमात सगळं सांगून टाकलं. माल परत येत होता, बाया बोलत होत्या, पॅकिंगचं काम सोपं आहे, मी तुझ्या भल्यासाठीच केलं.

"मला ठाऊक आहे," माई म्हणाली. "क्रेट कोण निवडतं तेही ठाऊक होतं. मी भरलेला क्रेट मला कळणार नाही का? सकाळी पॅकिंगच्या पोरी सांगायच्या, तुमचा माल काय एकसारखा असतो."

बारकीने पेला खाली ठेवला.

"रोज वाटायचं, आज ही येईल आणि म्हणेल, माई, तुला दिसत नाही. मीच सांगणार होते, पण म्हटलं बघू. तू आलीस, मागे उभी राहिलीस आणि निघून गेलीस. तुझं पाऊल मला कळलं नाही होय?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की. मग रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि गेले असते पॅकिंगला." माई खाली बसली. तिने शर्ट पुन्हा मांडीवर घेतला. "हजेरीत सांगितलंस, बारके. क्रेट धुवायला कोण, पाणी द्यायला कोण, आणि माई पॅकिंगला. विचारायचं होतंस."

विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का, असं बारकीने विचारलं. माईने थोडा विचार केला. पहिल्यांदा नसते म्हणाले, असं ती म्हणाली, पण विचारायचं होतंस.

बारकी खुर्चीवरून उठून तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आता विचारते, परत येतेस का, असं म्हणाली. माईने मान हलवली. राग नाही, तिने सांगितलं, पण तुला मुकादमी करायची आहे आणि मला तिथे बारकीच दिसत राहील. ते दोघींनाही जड जाईल. बारकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा माईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बटण लावून झाल्यावर दोरा तोडायला सुरी दे म्हणाली.

माईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात बारकीच बरोबर होती. बाकावर बसून दोघी नंबर यायची वाट बघत होत्या तेव्हा माईने डॉक्टरच्या चपलांवरून असा काही शेरा मारला की शेजारची पेशंट बाईही हसली. बारकीला तो दिवस संपूच नये असं वाटलं. डोळे बरे झाल्यावर माईने रोपवाटिकेत काम धरलं. घराजवळ होतं, उघड्यावर, भरपूर उजेडात. पिशव्यांत माती भरायची आणि रोपं लावायची. तिथेही तिला माईच म्हणायला लागले.

फार्मवर बारकीने काम सांगायची पद्धत बदलली. कुणाचं काम बदलायचं असेल तर हजेरीत बोलायची नाही. त्या बाईच्या वाफ्याशी जाऊन उभी राहायची आणि जे असेल ते सरळ बोलायची. तुझा खांदा दुखतोय, मला दिसतंय, काय करूया? कुणी रडायचं, कुणी भांडायचं. एक बाई तर नाहीच म्हणाली, मला वरचाच वाफा पाहिजे. बारकीने तिला तो राहू दिला आणि खांदा बरा होईपर्यंत क्रेट वर चढवून द्यायला दुसरीला जोडीला दिलं. हळूहळू सांगून सुट्टी घेणाऱ्या वाढल्या, न सांगता दांडी मारणाऱ्या कमी झाल्या. बाया टिकू लागल्या. मालकांनी तिला विचारलं की असं काय केलंस, तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. विचारते, एवढंच म्हणाली.

बाया तिच्याशी मोकळ्या बोलायच्या, पण कामाचं. अडचण आली की तिच्याकडे यायच्या, अडचण सुटली की आपल्या घोळक्यात जायच्या. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ती स्वतः मांडणीशी असताना जुन्या मुकादमांजवळ तरी कोण बसायचं? ते कुठे बसून जेवायचे हे तिला आठवूनही आठवलं नाही.

एका दुपारी टेबलाशी डबा उघडल्यावर तिने माईला फोन लावला. माईने लगेच उचलला. मागे बायांचा गलका होता. मुलीच्या परीक्षेचं, ट्रकच्या बिघाडाचं, नव्या खोलीत लावलेल्या पंख्याचं, असं बारकीने भराभर सांगितलं. माई हं हं करत ऐकत होती, मधेच कुणाला तरी आले गं म्हणाली. मग म्हणाली, "बरं, ठेवते आता. या सगळ्या जेवायला खोळंबल्यात."

"ठेव," बारकी म्हणाली.

पलीकडचा गलका बंद झाला. भिंतीमागून तिच्याच बायांचा आवाज येत होता. आगगाडी काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या, शब्द कळत नव्हते. बारकीने डबा संपवला, धुऊन फळीवर पालथा घातला, आणि तिसऱ्या खोलीत पाणी द्यायची वेळ झाली होती म्हणून तिकडे गेली.