मामाची शेवटची लाट

भिंगरीच्या आईने अट घातली होती: खाडीतलं पाणी कधी चढायचं थांबेल ते नेमकं सांग, मगच होडी घेऊन एकटी जा. आई होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. तिच्यापुढे थापा चालत नसत.

मामाला हा सगळा पोरखेळ वाटला. त्याने फोन काढला, नकाशावरच्या सगळ्यात जवळच्या बंदरावर बोट ठेवलं आणि रविवारी भरती कधी संपणार ते जाहीर करून टाकलं. भिंगरी गप्प बसली. ती गप्प बसली की आई कान टवकारते.

बंदर होतं उघड्या समुद्रावर आणि यांचा धक्का खाडीत पार आत. आठवडाभर शाळा सुटली की भिंगरी धक्क्याच्या खांबावर मावशीच्या लाल नेलपॉलिशने पाण्याच्या खुणा करत होती. (मावशी अजून बाटली शोधतेय.) रोज तेच दिसायचं. फोनच्या हिशेबाने भरती संपली, तरी इथलं पाणी पुढे पाऊण तास चढतच राहायचं. खाडीच्या एवढ्याशा तोंडातून आत यायचं म्हणजे उशीर होणारच की!

रविवारी फोनने सांगितलेली वेळ झाली तशी मामाने पाण्याच्या अगदी कडेला खुर्ची मांडली आणि नवे कोरे बूट घालून ऐटीत पेपर उघडला. भिंगरीने आपली वेळ आईच्या कानात सांगितली. आईने पाना न ठेवताच मान डोलावली. भावाला सावध करावंसं तिला वाटलंही असेल, पण तिने ते गिळलं.

पाणी खुर्चीच्या पायांना लागलं. मामा म्हणाला, ही शेवटची लाट. पुढचीही शेवटचीच होती. मग बुटात पाणी शिरलं आणि मामाने खुर्चीवरच मांडी ठोकली.

"अगं, हे थांबणार कधी?"

"तुझा पेपर वाचून झाला की," भिंगरी म्हणाली.

भिंगरीच्या वेळेला पाणी खरंच थबकलं. आईने खांब पाहिला, घड्याळ पाहिलं आणि वल्ही भिंगरीच्या हातात दिली.

होडी खुर्चीजवळून जाताना मामाने पेपर हलवला. काठापर्यंत तेवढं सोड, म्हणाला.

"सोडलं असतं रे मामा," भिंगरी वल्हं मारत म्हणाली, "पण आईशी एकटीचंच ठरलंय."