वारा नसलेल्या दिवशीचा बावटा

मी एक जुना बावटा आहे. एके काळी लालभडक होतो. आता विटून फिका गुलाबी झालो आहे, त्यामुळे मी कधी कोणाला अडवत असेन हे तुम्हाला खरे वाटणार नाही, मित्रांनो.

मालकीणबाईंच्या आईने बोटीच्या फाटक्या कापडी छतातून मला बेतले आणि कडांना दुहेरी शिवण घातली. मालकीणबाई लोकांना समुद्रात बुडी मारायला नेत. त्यांच्या धक्क्यावर माझी काठी होती. मी वर चढलो की बोट सुटायची नाही. रिवाज असा, की बावटा कोणीही चढवावा, पण ज्याने चढवला त्यानेच उतरवावा.

खाली हवेच्या टाक्या खणखणत, ओल्या रबरी कपड्यांचा वास येई आणि फडफडता फडफडता माझा डोळा लागे. स्वप्नात मी निळ्या पाण्याखाली तरंगत असे. प्रत्यक्षात मात्र मी कधीच खाली गेलो नाही.

एका सकाळी बोट चालवणाऱ्या मामांनी मला चढवले. वारा औषधालाही नव्हता. समुद्र काचेसारखा. मी काठीला चिकटून लोंबत राहिलो. एक पाहुणा म्हणाला, "यालाच झोप आलीय, हा आपल्याला काय थांबवणार?" सगळे हसले.

पाहुण्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची नजर दिवसेंदिवस मंद होत होती. दिसतंय तोवर पाण्याखालची प्रवाळं पाहावीत, म्हणून साठीनंतर त्या पोहायला शिकल्या होत्या. संध्याकाळी त्यांना परतायचे होते. त्या नुसत्या चष्मा पुसत बसल्या. ते पाहून मालकीणबाईंना राहवले नाही. त्यांनी माझ्या दोरीला हात घातला.

"ताई, गाठ माझी आहे," मामा हळूच म्हणाले.

"पाण्यावर साधी सुरकुती नाही हो, मामा. बाईंना पुन्हा कधी दिसणार?"

"सुरकुती नाही, पण त्या खांबावरचं शेवाळ बघा. पाणी केवढं खाली जातंय आणि किती सावकाश वर येतंय. लांब कुठेतरी वादळ झालंय. त्याच्या लाटा निघाल्यात इकडे."

मालकीणबाई बराच वेळ दोरी धरून उभ्या राहिल्या. मग शिक्षिकांकडे न बघताच त्यांनी दोरीवरचा हात काढून घेतला.

दुपारी, पान हलत नसताना, समुद्र झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा फुगला. रिकामी बोट उचलली गेली आणि तिची लोखंडी शिडी धक्क्यावर आपटून काडीसारखी वाकली. बुडी मारून आलेला माणूस त्याच शिडीने वर येतो. हसणारा पाहुणा उगाच चपला शोधू लागला.

शिक्षिका संध्याकाळी गेल्या. मामा त्यांची पिशवी घेऊन मागून चालत होते.

पुढच्या हंगामात त्या मामांच्या दंडाला धरून आल्या. त्या दिवशी मी फळीवर घडीत होतो. बुडी मारून आल्यावर त्या म्हणाल्या, "दिसलं फार थोडं, मामा. पण काहीतरी पिवळं अगदी हाताजवळून गेलं. पुरे झालं मला." मामा त्यांच्या टाकीचा सुटलेलाच पट्टा कितीतरी वेळ सोडवत राहिले.

आता काठीवर नवा बावटा आहे. माझा डोळा लागला की स्वप्नातल्या निळ्या पाण्यातून काहीतरी पिवळे जवळून जाते.

मित्रांनो, वारा नसला की आम्हा बावट्यांना आवाज फुटत नाही. एखादा असा मुका लोंबताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याची दोरी कोणीतरी समुद्राकडे नीट बघून बांधलेली असते. गाठ ज्याची, त्यालाच सोडू द्या.