बादलची समाधी

कर्तबगार माणूस मातीत गेला तरी ती माती त्याला विसरत नाही. लातूरच्या तेलकोठीच्या मातीला मात्र रामलिंग मुकादमांना विसरायला तीस वर्षं पुरली, आणि या कामी सर्वांत मोठा हातभार त्यांच्या चिरंजीवांचा लागला.

चिरंजीव म्हणजे चाकूरचे श्रीशैलसर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वडील हणमंतरावशेठांच्या तेलगिरणीत पस्तीस वर्षं मुकादम होते. ते वारले तेव्हा शेठजींनी गहिवरून सांगितलं होतं, "रामलिंगला माझ्याच जमिनीत बसवा." लिंगायतांत मेलेल्याला आडवं करत नाहीत, बसवतात. कोठीमागच्या आमराईत मुकादमांना बसवलं, वर ओटा बांधला, ओट्यावर दगडी नंदी ठेवला. डाव्या बाजूची जागा शेठजींनी सरांच्या आईला, गंगम्मांना, शब्दावर देऊन टाकली.

भूकंपात नंदीची दोन्ही शिंगं गेली. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बसवू. मग शेठजींच्या नातवानं ट्रस्ट करून कोठीचं संग्रहालय केलं, तिकीट लावलं. बापाला भेटायला तिकीट काढायचं सरांच्या तत्त्वात बसेना. तेव्हापासून दर पुण्यतिथीला ते लातूरला जायचे, गंजगोलाईत चहा प्यायचे आणि सिद्धेश्वराच्या देवळातली विभूती कागदात बांधून "अप्पाच्या समाधीवरची" म्हणून आईला आणून द्यायचे.

आता गंगम्मा नव्वदीत होत्या आणि डॉक्टरांनी घरीच सेवा करा म्हणून सांगितलं होतं.

"श्रीशैल, बघून ये," त्या म्हणाल्या. "माझी जागा मोकळी हाय का न्हाई? जिवंतपणी त्या माणसानं दोन घटका शेजारी बसू दिलं न्हाई. आता तरी बसते."

तेव्हा सरांनी तत्त्व बाजूला ठेवून तिकीट काढलं. ज्येष्ठांना निम्मं होतं.

गाइड तनुजा नावाची चुणचुणीत मुलगी होती. सोबत कोचिंग क्लासची चाळीस पोरं, डॉक्टर होण्याच्या तयारीतली. शेठजींची खुर्ची, शेठजींचा चष्मा, शेठजींनी न वाचलेली पुस्तकं बघत सगळे आमराईत आले. ओट्याभोवती पितळी साखळी होती, ओट्यावर ताजी फुलं, आणि तोच नंदी. बिनशिंगाचा, तोंड घासलेला, कान टवकारलेला.

"आणि हा बादल!" तनुजा म्हणाली. "शेठजींचा लाडका घोडा. रझाकारांच्या काळात शेठजींना पाठीवर घेऊन यानं एका रात्रीत निजामाच्या हद्दीबाहेर बार्शी गाठली. शेठजींनी याची समाधी बांधली. हरभरा वाहिला की मेडिकलला पहिल्याच फेरीत नंबर लागतो, असं म्हणतात."

असं कोण म्हणतं हे तिनं सांगितलं नाही, पण पोरांनी खिशातून हरभऱ्याच्या पुड्या काढल्या. अप्पांना हरभरा कधी सोसला नाही. एका पुरणपोळीवर ते दोन दिवस पोट धरून बसत.

"ते माझे वडील आहेत," सर म्हणाले.

एक पोरगी फिस्सकन हसली.

"काका, प्रश्न टूरनंतर," तनुजा म्हणाली.

सर तडक व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये गेले. व्यवस्थापक महांतेश, उदगीरचा, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. त्यानं दार लावून घेतलं.

"बसा, सर. तो नंदी हाय, मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिथं पोहण्याचा तलाव होणार होता. पुण्याहून सल्लागार आले, त्यांनी घोडा म्हणून लिहून टाकलं. मालक खूश. तलाव तिकडं सरकला, माळी सकाळ-संध्याकाळ फुलं वाहायला लागला." त्यानं आवाज उतरवला. "सर, इथं लग्नं लागतात. घोड्याजवळ नवरा-नवरी फोटो काढतात. माणूस पुरलाय म्हटल्यावर कोण काढंल? तुम्ही अर्ज द्या, मी पुढं पाठवतो. पण मग तुमच्या वडलांना सन्मानानं दुसरीकडं हलवतील."

"आणि आईची जागा?"

"घोडीचं विचारून बघू शकतो," महांतेश म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

सरांनी अर्ज लिहिला. चार वेळा वाचला, शुद्धलेखन तपासलं आणि खिशात घालून चाकूरची एस.टी. पकडली. वाटेत सिद्धेश्वरला उतरायचं राहून गेलं.

"इबूत?" गंगम्मांनी हात पुढे केला.

तेव्हा सगळं सांगावं लागलं. घोडा, हरभरा, फुलं, बार्शी, अर्ज. गंगम्मा आढ्याकडे बघत ऐकत होत्या.

"घोडा कुठला?" त्या शेवटी म्हणाल्या. "शेटजी घोड्याला लई भ्यायचे. बार्शीला तुझ्या अप्पानं नेलं त्यांना. सायकलीवर, डबलशीट. मुरुडजवळ पंक्चर झाली. शेटजी गाडीबैलानं म्होरं गेले, आन् तुझा अप्पा सायकल ढकलत माघारी आला."

"मग तर अर्ज द्यायलाच पाहिजे, अव्वा!"

"फुलं ताजी व्हती?"

"...हो."

"रोज वाहतात?"

"माळी वाहतो. सकाळ-संध्याकाळ."

"आन् तू कधी गेलतास शेवटचा?"

सरांनी खिशातला अर्ज काढून त्याची घडी नीट केली.

"सिद्धेश्वराच्या इबूतीला कापराचा वास येतो रे," गंगम्मा म्हणाल्या. "मला पहिल्याच वर्षी कळलं. राहू दे घोडा. फाड तो कागद."

सरांनी कागद फाडला.

गंगम्मांना श्रावणात चाकूरच्या लिंगायत दफनभूमीत बसवलं. त्यांच्या उजव्या हाताला, जिथं अप्पा असायचे, तिथं नगरपंचायतीचा बोअर आहे. त्याला पाणी लागलेलं नाही.